हृदय निकोप होते, मग ठोका का चुकला?

रामाकोना येथून आमच्या नावे एक पत्र आले आहे. पत्रलेखक निवृत्त शिक्षक आहेत. अक्षर वळणदार, भाषा संयमी, आणि तक्रारीचा सूर कोठेही नाही. गेल्या डिसेंबरात त्यांच्या गावातील तीन तरुण वर्षअखेर साजरी करण्यासाठी गोव्यात आले होते. त्यांपैकी एक जण, वय २३, मध्यरात्रीनंतर किनाऱ्यावरच्या नाचगाण्याच्या ठिकाणी एकाएकी खाली कोसळला. काही क्षण त्याला शुद्ध नव्हती. मित्रांनी त्याला एका खासगी इस्पितळात नेले आणि तेथे सांगितले की, हा दिवसभर उन्हात फिरला, पोटात अन्न नव्हते, पित्त झाले. सलाईन आणि उलटी थांबवण्याचे इंजेक्शन देऊन सकाळी त्याला घरी सोडण्यात आले. गावी परतल्यावर छातीत धडधड होऊ लागली म्हणून नागपूरला तपासणी झाली. हृदयाचा आकार ठीक, झडपा ठीक, रक्तवाहिन्या स्वच्छ. त्या रात्री आपण पांढरी पूड ओढली होती ही गोष्ट त्याने दोन महिन्यांनी सांगितली, आणि तीही आईवडिलांना नव्हे, तर आपल्या जुन्या गुरुजींना. गुरुजींचा प्रश्न एवढाच आहे की, मुलाचे हृदय जर निकोप होते, तर त्याचा ठोका चुकला कसा?

रामाकोना आमच्या बहुसंख्य वाचकांना ठाऊक नसेल. नागपूर-छिंदवाडा लोहमार्गावरचे, सौंसर तालुक्यातले हे गाव. एके काळी नॅरोगेजची छोटी गाडी येथे थांबत असे. २०१५ साली ती बंद होऊन पुढे मोठा मार्ग आला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठीभाषक मुलूख मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला तेव्हा त्यात सामील झाला. कापसाचा आणि संत्र्यांचा प्रदेश. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, अशी तेथील रीत. सीमेवरच्या मराठी माणसाचे हे जिणे बेळगावकडच्या आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. इतक्या दूरच्या गावातून गोव्याच्या वृत्तपत्राला कोणी प्रश्न विचारतो, तो घटना येथे घडली म्हणून. तेव्हा उत्तर देण्याचे दायित्व आमच्याकडे येते, आणि ते एकट्या गुरुजींना देऊन भागणार नाही.

आपल्याकडे ‘हृदयविकाराचा झटका’ हा शब्दप्रयोग फार सैल झाला आहे. कोणी ऐंशीव्या वर्षी झोपेत गेला तरी झटका, आणि कोणी पंचविशीत नाचता नाचता कोसळला तरी झटकाच. वस्तुतः या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली आणि तो स्नायू उपाशी मरू लागला, तर त्याला झटका म्हणणे योग्य. पण हृदयाला रक्तवाहिन्यांच्या बरोबरीने विजेचीही एक यंत्रणा आहे. रक्तवाहिन्या स्वच्छ असतानाही ही वीज भरकटू शकते. नळाला पाणी आहे, पण पंपाची वीज गेली, तर घागर रिकामीच राहायची. पहिल्या बिघाडाला सहसा वर्षांची पूर्वतयारी लागते. दुसऱ्याला कधी कधी एक रात्र पुरते.

ही वीज कोठून येते? हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याच्या भिंतीत पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० वेळा तो आपण होऊन ठिणगी सोडतो. ती वरच्या कप्प्यांतून पसरते आणि मध्ये दुसऱ्या एका पुंजक्यापाशी क्षणभर थबकते. हा दुसरा पुंजका सुनाओ तावारा या जपानी वैद्याने १९०६ साली शोधून काढला. तेथे ती थबकते म्हणूनच वरच्या कप्प्यांना आपले रक्त खाली ढकलायला सवड मिळते. नंतर ती वेगाने खालच्या कप्प्यांत उतरते, आणि ते दोन बलवान कप्पे आकुंचन पावून रक्त शरीरभर व फुप्फुसांत फेकतात. दिवसाला सुमारे एक लाख वेळा हे घडते. डच शास्त्रज्ञ विलेम आइंथोव्हेन यांनी या विजेचा आलेख कागदावर उमटवला. त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि आज तालुक्याच्या दवाखान्यातही निघणारा ईसीजी तो हाच.

ज्या भूमीत लयीला मान आहे, तिला हे समजायला कठीण नाही. गोव्याचे लयब्रह्मभास्कर खाप्रूमामा पर्वतकर दोन हातांनी, दोन पायांनी आणि तोंडाने एकाच वेळी निरनिराळे ताल धरीत व समेवर अचूक एकत्र येत, हे जुन्या पिढीने डोळ्यांनी पाहिले होते. हृदयातल्या असंख्य पेशींनाही प्रत्येक ठोक्याला असेच समेवर यावे लागते. समेवर येण्यासाठी प्रत्येक पेशी काय करते? तिच्या आवरणात सूक्ष्म दारे आहेत. सोडियम आत शिरतो तेव्हा पेशी पेटते. कॅल्शियम आत येतो तेव्हा ती आकसते. पोटॅशियम बाहेर पडतो तेव्हा ती शांत होऊन पुढच्या ठोक्यासाठी तयार होते. ही शेवटची विसाव्याची घटका फार नाजूक. पेशी अर्धवट सावरलेल्या असताना एखादी भलती ठिणगी पडली, तर वीज सरळ वाटेने न जाता स्नायूत भोवऱ्यासारखी गरगरत राहते. खालचे कप्पे मग आकुंचन न पावता नुसते थरथरतात. थरथरणारे हृदय रक्त फेकीत नाही. माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, आणि चार-सहा मिनिटांत मेंदूची हानी सुरू होते.

बाहेरचा पदार्थ ही दारे बिघडवू शकतो, ही गोष्ट आपल्या लोकांना पूर्वीपासून माहीत आहे; फक्त या शब्दांत माहीत नव्हती. परसातल्या कण्हेरीपासून मुलांना दूर ठेवा, असे आजी का सांगत? तिच्या पानाफांद्यांतले आणि पिवळ्या कण्हेरीच्या बियांतले विष पोटात गेले की नाडी मंदावते, अडखळते, आणि हृदय बंद पडते. विल्यम विदरिंग या इंग्रज वैद्याने १७८५ साली डिजिटॅलिस या वनस्पतीवर ग्रंथ लिहिला, तीही याच जातीच्या विषाची. बेताने वापरली तर औषध, मात्रा चुकली तर मरण. कण्हेरीने मेलेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या तुंबलेल्या नसतात. तेव्हा ‘वाहिन्या स्वच्छ होत्या’ हे उत्तर अपुरे आहे, हे गुरुजींनी ध्यानात घ्यावे.

आता त्या पांढऱ्या पुडीकडे वळू. ती नक्की काय होती हे मुलाला माहीत नाही, आणि ती विकणाऱ्यालाही बहुधा माहीत नसावे. या बाजारात कोकेनच्या नावाने मेफेड्रोन विकले जाते आणि मेफेड्रोनच्या नावाने आणखी काही. तरुणांच्या बोलीत ज्याला ‘एमडी’ म्हणतात तेच हे मेफेड्रोन. २०१५ पासून आपल्या अमली पदार्थ कायद्याने त्यावर बंदी आहे. मेफेड्रोन, मेथॅम्फेटामिन, एक्स्टसीच्या गोळ्या आणि कोकेन यांत एक साम्य आहे. संकटाच्या वेळी शरीर जी उत्तेजक द्रव्ये जपून सोडते, ती हे पदार्थ धरण फुटावे तशी मोकळी सोडतात किंवा परत आवरू देत नाहीत. हृदयाला वाटते की, वाघ मागे लागला आहे. नाडी शंभर, सव्वाशे, दीडशेवर जाते, रक्तदाब चढतो, आणि जेथून ठिणगी पडू नये अशा जागाही ठिणग्या सोडू लागतात. कोकेन तर याच्याही पलीकडे जाते. ते सोडियमची दारे अडवते, त्यामुळे विजेचा प्रवास मंदावतो. शिवाय पोटॅशियमच्या दारांतही अडथळा आणते, त्यामुळे विसाव्याची घटका लांबते. एका बाजूने चाबूक आणि दुसऱ्या बाजूने लगाम, असा हा प्रकार आहे. त्यावर मद्य घेतले तर यकृतात दोहोंच्या संयोगाने कोकाएथिलीन नावाचे तिसरेच द्रव्य तयार होते; ते कोकेनपेक्षा अधिक काळ टिकते आणि हृदयाला अधिक घातक ठरते. त्यात रात्रभराचा नाच, घाम, वांत्या, क्षार कमी झालेले, झोप नाही. किनाऱ्यावरच्या एका रात्रीत हे सगळे एकत्र जुळून येते.

अमेरिकेत लेन बायस नावाचा बास्केटबॉलपटू होता. वय २२, मेरीलँड विद्यापीठाचा तारा. बोस्टन सेल्टिक्स या नामवंत संघाने त्याची निवड केली आणि दोनच दिवसांनी, १९ जून १९८६ रोजी, तो मरण पावला. कोकेनमुळे हृदयाची लय बिघडून हा मृत्यू झाला, असे तपासात निष्पन्न झाले. त्या देशात त्या वर्षी त्याच्याहून तगडा तरुण शोधून सापडला नसता. ‘आमच्या पोराला काय धाड भरली आहे, रोज तालमीत जातो’ असे म्हणणाऱ्या पालकांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे. तालमीने स्नायू बळकट होतो. सोडियमची दारे बळकट होत नाहीत. उलट काही जणांच्या या दारांत जन्मतःच बारीक दोष असतो. विसाव्याची घटका जन्मतः लांबलेली असणारी माणसे साधारण दोन हजारांत एक सापडतात. त्यांना त्याची कल्पनाही नसते, आणि एरवी कदाचित आयुष्यभर झालीही नसती.

एका पुडीची ही गोष्ट झाली. पण मद्य, भांग, गांजा यांचे काय, असे वाचक विचारतील. आणि तो प्रश्न आमच्या अधिक जवळचा आहे. सणासुदीच्या अतिरेकी मद्यपानानंतर धडधाकट माणसांच्या हृदयाचे वरचे कप्पे बेताल होतात, हे फिलिप एटिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली नोंदवले आणि त्याला ‘सुट्टीचे हृदय’ असे नावच पडले. गोव्यासारख्या सुट्टीवर जगणाऱ्या राज्याने हे नाव भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही. गांजा-भांगेने नाडी वाढते, हेही निश्चित. महाशिवरात्रीला शंकराच्या नावाने भांग घेणारे पुष्कळ आहेत, आणि मध्य प्रदेशात तर भांगेची परवान्याची दुकाने आहेत. भांगेची नशा वाढावी म्हणून तीत धोत्रा मिसळण्याचे प्रकारही घडतात. धोत्र्यातली द्रव्ये हृदयाला आवरून धरणाऱ्या मज्जेचे काम बंद पाडतात. तोंडाला कोरड, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, भ्रम, आणि नाडी सुसाट. धोत्रा आपण शंकराला वाहतो तो त्याने हालाहल पचवले म्हणून. ते पचवायला त्यालाही कंठ निळा करून घ्यावा लागला. भक्ताने तोच पदार्थ स्वतःच्या पोटात घालावा असे कोणत्या पुराणात सांगितले आहे, ते आमच्या वाचनात नाही.

स्वस्तातले व्यसनही तितकेच घातक. थिनर, पंक्चरचे सोल्यूशन, रुमालावर घेऊन हुंगायची द्रावणे. १९७० साली मिलार्ड बास या अमेरिकी डॉक्टरांनी अशा हुंगण्याने अचानक झालेल्या ११० तरुणांच्या मृत्यूंची छाननी प्रसिद्ध केली. ही बाष्पे हृदयाला स्वतःच्याच उत्तेजक द्रव्यांविषयी इतकी हळवी करतात की, हुंगणारा मुलगा दचकला किंवा पळत सुटला तरी तेवढ्याने ठोका थांबू शकतो. पोलिसाला पाहून पळालेला पोर पन्नास पावलांवर मरून पडतो, तो का, याचे उत्तर येथे आहे. आपल्या केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले की, हुंगण्याच्या पदार्थांचा वापर हे एकमेव व्यसन असे आहे, जे प्रौढांपेक्षा १० ते १७ वयाच्या मुलांत अधिक आहे: मुलांत १.१७ टक्के, प्रौढांत ०.५८ टक्के. रेल्वे फलाटावरची ही मुले पर्यटक नव्हेत. म्हणून त्यांची बातमी होत नाही.

आकडेच हवे असतील तर तेही आहेत. कॅलिफोर्नियात २००५ ते २०१५ या काळात रुग्णालयांत आलेल्या सुमारे २ कोटी ३५ लाख प्रौढांच्या नोंदी तेथील संशोधकांनी तपासल्या आणि २०२२ साली ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष मांडले. वरच्या कप्प्यांची थरथर पुढे जडण्याचा धोका मेथॅम्फेटामिन घेणाऱ्यांत ८६ टक्क्यांनी, अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांत ७४ टक्क्यांनी, कोकेन घेणाऱ्यांत ६१ टक्क्यांनी आणि गांजा घेणाऱ्यांत ३५ टक्क्यांनी अधिक आढळला. फ्रान्समधील ३९ रुग्णालयांच्या हृदयरोग अतिदक्षता विभागांत एप्रिल २०२१ मध्ये दाखल झालेल्या सुमारे १,५०० रुग्णांची लघवी तपासली, तेव्हा ११ टक्क्यांत कोणता ना कोणता अमली पदार्थ सापडला. अशा पाहण्यांतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होतेच असे नाही, हे आम्ही जाणतो. पण दारे कशी अडतात ते प्रयोगशाळेत दिसले आहे, आणि माणसे कशी कोसळतात ते आपल्या किनाऱ्यावर दिसले आहे. मधला दुवा सापडत नाही म्हणून स्वस्थ बसण्यात शहाणपण नाही.

आपल्या किनाऱ्याविषयी बोललेच पाहिजे. २०१९ च्या डिसेंबरात वागातोरच्या नृत्यसंगीत महोत्सवाच्या दिवसांत तीन तरुण पर्यटक कोसळून मरण पावले. अमली पदार्थांचा संशय तेव्हाच व्यक्त झाला. २०२२ च्या ऑगस्टात हरियानातील राजकारणी व अभिनेत्री सोनाली फोगाट यांचा हणजूण येथे मृत्यू झाला, तेव्हा पहिली बातमी हृदयविकाराच्या झटक्याचीच होती. कुटुंबीयांनी आग्रह धरला, शवचिकित्सा झाली, आणि मग त्यांना मेथॅम्फेटामिन पाजल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. पुढे तपास सीबीआयकडे गेला. आरोपांचा निवाडा हे न्यायालयाचे काम आहे, आम्हांला त्यात शिरायचे नाही. आम्हांला एवढेच विचारायचे आहे की, जिच्या घरचे लोक आग्रह धरू शकत नाहीत अशा मृत व्यक्तीच्या बाबतीत पहिली बातमी हीच शेवटची ठरते की नाही? विजेच्या बिघाडाचा एक क्रूर विशेष असा की, तो प्रेतात खूण ठेवीत नाही. तुंबलेली वाहिनी मृत्यूनंतरही तुंबलेलीच दिसते. पण थांबलेल्या हृदयाची लय कशी बिघडली होती, हे सुरी सांगू शकत नाही. तेथे साक्ष देते ती रक्ताची, लघवीची आणि व्हिसेराची तपासणी. ती झाली नाही, किंवा तिचा अहवाल महिनोन्‌महिने लोंबकळला, तर दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ हे शब्द उमटतात. हृदयक्रिया बंद न पडता आजवर कोण मेला आहे?

ही बला गोव्याची आहे आणि बाहेरची मुले येथे येऊन बिघडतात, असे बाहेरचे म्हणतात. ती बाहेरची आहे आणि बाहेरच्यांनी गोवा बिघडवला, असे आम्ही म्हणतो. दोघांनीही नकाशा पाहावा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी मेफेड्रोन बनवणारा कारखाना पकडला तो दौंड तालुक्यातल्या कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत. त्याच वर्षी ऑक्टोबरात तब्बल ९०७ किलो मेफेड्रोनचा साठा सापडला तो भोपाळजवळच्या औद्योगिक क्षेत्रात. त्याची किंमत १,८१४ कोटी रुपये सांगण्यात आली. रामाकोन्याच्या मुलाला ही पूड गोव्यात मिळाली खरी. पण ती कदाचित त्याच्याच राज्यातून त्याच्या आधी येथे येऊन पोचली असेल.

आता मित्रांच्या त्या खोटे बोलण्याविषयी. त्यांचा राग करण्याचा अधिकार आम्हांला वाटत नाही. ते घाबरले होते. आणि घाबरण्याला कायद्यात आधार आहे. अमली पदार्थ कायद्याच्या कलम २७ अन्वये नुसत्या सेवनालाही शिक्षा आहे: कोकेन व त्या वर्गातील पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कारावास किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, इतरांसाठी सहा महिने किंवा दहा हजार किंवा दोन्ही. परगावी, मध्यरात्री, इस्पितळाच्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलांना हे आठवते. पण त्यांच्या ‘पित्ता’ने काय केले असते, ते पाहा. उलटी थांबवण्याची काही नेहमीची औषधे स्वतःच विसाव्याची ती नाजूक घटका लांबवतात. ज्याच्या हृदयात ती आधीच पुडीने लांबवली असेल, त्याला तेच औषध देणे म्हणजे काठावर उभ्या असलेल्याला हलकेच धक्का देणे. डॉक्टरांना खरे सांगितले असते, तर त्यांनी आधी ईसीजी काढला असता, रक्तातील पोटॅशियम पाहिले असते, शामक औषधाने ते धावते शरीर निववले असते, आणि काही तास यंत्राला जोडून निजवून ठेवले असते. हृदयाची गती आवरण्याची नेहमीची काही औषधे कोकेनच्या अमलाखालील रुग्णाला देताना ते विशेष सावध राहिले असते. अफूजन्य पदार्थ असता तर श्वास परत आणणारे नॅलोक्सोन हे वेगळेच औषध लागले असते. एका शब्दाने उपचार बदलतात. तो शब्द डॉक्टरांपर्यंत पोचला नाही, आणि मुलगा वाचला तो केवळ दैवाने.

कायद्यात एक फट आहे, ती लोकांना माहीत नाही. कलम ६४-अ प्रमाणे व्यसनी माणूस स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेईल, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला भरता येत नाही. पण हे कलम ‘व्यसनी’ माणसाचा विचार करते. आयुष्यात प्रथमच पूड ओढून कोसळलेल्या मुलाचा नव्हे, आणि त्याला खांद्यावर टाकून आणणाऱ्या मित्राचा तर मुळीच नव्हे. रस्त्यावरच्या अपघाताच्या बाबतीत आपण शहाणे झालो आहोत. जखमीला घेऊन येणाऱ्याला पोलिसांनी छळू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात तसे कलमच आले. मग जो मित्र नशेत कोसळलेल्याला घेऊन येतो, त्याने काय पाप केले आहे? अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने २००७ सालीच अशा प्रसंगी मदत मागणाऱ्याला संरक्षण देणारा कायदा केला आणि इतर बहुतेक राज्ये त्यामागून गेली. विक्रेत्याला सूट द्या असे आम्ही म्हणत नाही. त्याच्यासाठी कायदा आहे तसाच कठोर असावा, आणि तो किनाऱ्यावरच्या फाटक्या फिरत्या विक्रेत्यापाशी न थांबता वरपर्यंत पोचावा. पण संसदेने कायदा बदलेपर्यंत गोवा सरकारला एवढे तरी जाहीर करता येईल की, इस्पितळाच्या दारात खरे बोलणाऱ्या मित्रावर पोलीस हात टाकणार नाहीत. उपचार आधी, पोलिसी सोपस्कार नंतर, हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा यांच्या प्रकरणात घालून दिला आहे. तो या मुलांना कोणी सांगत नाही.

दुसरी गोष्ट अधिक सोपी आहे. ज्या महोत्सवाला हजारो माणसे जमणार, त्याला परवाना देताना ध्वनीची पातळी मोजण्याच्या यंत्राबरोबर हृदयाला विजेचा धक्का देणारे यंत्र, ते चालवता येणारी माणसे आणि उभी रुग्णवाहिका यांची अट घालावी. थरथरणाऱ्या हृदयाला धक्का मिळण्यास जितका उशीर, तितकी आशा कमी. छातीवर दाब दिला नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. शेजारी नाचणाऱ्या माणसाला छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे रोवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा जोराने दाबता आले, तर तेवढ्या वेळात यंत्र येऊन पोचते. ही विद्या शाळेत एका तासात शिकवता येते. तोंडावर पाणी मारणे आणि कांदा हुंगवणे यापलीकडे आपले प्रथमोपचार अजून फारसे सरकलेले नाहीत, याची आम्हांला खंत वाटते.

गुरुजींना आम्ही वेगळे उत्तर टपालाने पाठवले आहे. त्यात लिहिले आहे की, मुलाला पुन्हा नागपूरला न्यावे, ते हृदयाच्या विजेचे विकार पाहणाऱ्या तज्ज्ञाकडे. जुना ईसीजी बरोबर असावा. नवा काढावा लागेल, आणि चोवीस तास अंगावर बाळगायचे यंत्रही कदाचित लावतील. घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेले असेल, पोहताना, धावताना, झोपेत, तर ते आठवून सांगावे. घरच्या म्हाताऱ्यांना विचारावे, कारण अशा मृत्यूंना त्या काळी ‘बाहेरची बाधा’ म्हणत. इस्पितळाच्या कागदावर ‘आम्लपित्त’ लिहिले आहे, तो कागदही न्यावा. मात्र त्या रात्री काय घेतले, किती घेतले आणि त्याबरोबर काय प्यायले, हे मुलाने स्वतःच्या तोंडाने डॉक्टरांना सांगायचे आहे. ते सांगून होईपर्यंत आईवडिलांना बाहेरच्या बाकावर बसवावे, आणि गुरुजींनी त्यांच्याजवळ बसावे.